निरोप उशिरा आला, तरी दार उघडे असावे

चालताना पायातील चप्पल निसटते आणि दोन पावले पुढे गेल्यावरच ते ध्यानात येते. उंबरा ओलांडताना पावलाचा पुढचा भाग अडकतो. फरशीवर पाऊल फटकन आपटते. कुणाच्या बाबतीत हे हाताचे असते. दंडाचे मोडलेले हाड सांधले, पण मनगट वर उचलत नाही; कपातील चहा सांडतो, सदऱ्याचे बटण लागत नाही. घरातील मंडळी प्रथम म्हणतात, 'वय झाले.' मग तेल चोळणे सुरू होते, कुणी ओळखीच्या माणसाकडून काढा आणून देते आणि पाहता पाहता वर्ष सरते. अखेरीस तज्ज्ञांकडे गेल्यावर एक वाक्य कानी पडते : 'नस फार दिवसांपूर्वी गेली आहे, आता उशीर झाला.'

हे वाक्य ऐकून अनेक ज्येष्ठ आणि त्यांची शुश्रूषा करणारे आप्त निराश होऊन घरी परततात. वाचकहो, या वाक्यात तथ्य आहे. पण ते अर्धेच तथ्य आहे. कशाला उशीर झाला आणि कशाला अद्याप झालेला नाही, एवढे समजून घेतले तर पुढची वाट दिसू लागते. त्या वाटेवर घरच्या माणसांच्या हाती किती मोठी गोष्ट आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

लकवा नव्हे, मज्जातंतूची इजा

हातपाय लुळा पडला की आपण सरसकट 'लकवा' म्हणतो. पण पक्षाघातात बिघाड मेंदूत असतो. तेथे मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंत जाणारा मज्जातंतू शाबूत राहतो. आपण येथे ज्याचा विचार करीत आहोत, त्यात मेंदू व मज्जारज्जू ठीक असतात. हातापायातून जाणारा मज्जातंतूच कापला, चेपला किंवा ताणला गेलेला असतो. आज्ञा निघते, पण वाटेतच थांबते. दोहोंचे उपचार निराळे, म्हणून निदानही निराळे व्हायला हवे.

ज्येष्ठांमध्ये अशी इजा होण्याची कारणे बहुधा अगदी घरगुती असतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, किंचित खाली, हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंचा मज्जातंतू या हाडाला वळसा घालून कातडीच्या लगतच जातो. दीर्घकाळ मांडी घालून किंवा उकिडवे बसणे, आजारपणात वजन घटल्यावर एकाच कुशीवर पडून राहणे, घट्ट बसलेले प्लास्टर, एवढेही तो दाबला जाण्यास पुरते. दंडाचे हाड मोडले तर त्याला लगटून जाणाऱ्या मज्जातंतूला इजा होऊन मनगट गळते. कोपराच्या आतील बाजूचा मज्जातंतू वर्षानुवर्षे दबत राहिला, तर करंगळी व अनामिका आकडल्यासारखी होतात. मनगटात दाब आला, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा झिजतो.

आपल्याकडे आणखी एक कारण विसरून चालत नाही. इजा झालेली नसताना पाऊल किंवा बोटे दुबळी होत असतील आणि अंगावर कुठे बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी यंत्रणेत मोफत मिळते. मज्जातंतूची दुर्बलता सहा महिन्यांच्या आतील असेल, तर वेळीच दिलेल्या स्टिरॉइडच्या उपचाराने ती पुष्कळदा भरून येते.

दिवसाला एक मिलिमीटर

मज्जातंतू तुटला की तुटलेल्या जागेपासून पुढचा, स्नायूकडचा भाग हळूहळू विघटित होतो. ही प्रक्रिया ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञाने 1850 साली बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूंवर प्रयोग करून दाखवून दिली. नंतर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, हर्बर्ट सेडन या शल्यविशारदाने अशा इजांचे तीन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात मज्जातंतू केवळ बधिर झालेला असतो. तो काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत, आपोआप कामाला लागतो. दुसऱ्यात आतील धागे तुटतात, पण बाहेरचे वेष्टन शाबूत राहते आणि त्या वेष्टनातून नवे धागे वाढू शकतात. तिसऱ्यात सारेच तुटते. तेथे शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते.

नवा धागा वाढण्याचा वेग साधारणतः दिवसाला एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे एक इंच असतो. वार्धक्यात तो आणखी मंदावतो. आता थोडा हिशेब करू. दंडाच्या मध्यावर इजा झाली आणि पहिला स्नायू दहा सेंटिमीटर दूर असेल, तर तेथवर पोहोचण्यास तीन ते चार महिने लागतात. कोपरापाशी तुटलेल्या मज्जातंतूला तळहातातील लहान स्नायूंपर्यंत तीस सेंटिमीटर जायचे असेल, तर दहा महिने ते वर्ष जाते. खुब्यापाशी इजा झाली आणि पावलापर्यंत ऐंशी सेंटिमीटरचे अंतर असेल, तर हा प्रवास दोन वर्षांहून अधिक काळाचा होतो.

अडचण येथेच उद्भवते, कारण स्नायू इतका काळ वाट पाहू शकत नाही. आज्ञा येईनाशी झाली की पहिल्या काही महिन्यांतच तो झपाट्याने रोडावतो. पुढे त्याच्या तंतूंची जागा चरबी आणि चिवट ऊतक घेऊ लागते. वाढत्या धाग्यांना मार्ग देणाऱ्या सूक्ष्म नळ्याही आकसतात. वर्ष ते दीड वर्ष उलटल्यावर मज्जातंतू येऊन पोहोचला, तरी त्याचा निरोप घेणारे तेथे फारसे कुणी उरत नाही. 'उशीर झाला' याचा नेमका अर्थ हा आहे : त्या स्नायूला पुन्हा त्याच्या मूळ मज्जातंतूने जागे करण्यास उशीर झाला.

म्हणून प्रारंभीचे महिने मोलाचे असतात. काच, विळी किंवा यंत्राने खोल जखम होऊन हात-पाय बधिर वा दुबळा झाला असेल, तर नुसते टाके घालून घरी येऊ नये. मज्जातंतू तपासून जोडण्याचे काम शक्यतो काही दिवसांतच व्हावे. उघडी जखम नसेल, तर सुमारे तीन आठवड्यांनी ईएमजी व एनसीव्ही या तपासण्या करतात. त्याआधी केल्यास इजेची पुरती कल्पना येत नाही. तीन-चार महिन्यांतही हालचाल परतण्याचे चिन्ह नसेल, तर मज्जातंतूंच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या प्लास्टिक सर्जन, अस्थिशल्यविशारद किंवा न्यूरोसर्जन यांचा सल्ला घ्यावा. 'आणखी सहा महिने पाहू' असे घरच्या घरी ठरवू नये.

वेळ हाती असेल, तर आज एक निराळा मार्गही आहे. लांबच्या तुटक्या जागेपासून धागा वाढण्याची वाट पाहण्याऐवजी, शेजारच्या निरोगी मज्जातंतूची एखादी लहान शाखा स्नायूच्या अगदी जवळ नेऊन जोडतात. क्रिस्तोफ ओबेर्लाँ या फ्रेंच शल्यविशारदाने 1994 साली हाताच्या मज्जातंतूतील काही धागे कोपर वाकवणाऱ्या स्नायूला जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतर हे तंत्र जगभर रूढ झाले. पण हेही स्नायू जिवंत असतानाच साधते. पहिल्या सहा महिन्यांत केले तर उत्तम.

गेलेल्या स्नायूचे काम दुसऱ्याने करावे

दोन, पाच किंवा दहा वर्षे लोटली असतील तर काय? याचे उत्तर शोधण्यात भारताचा वाटा मोठा आहे. डॉ. पॉल ब्रँड 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. चेंगलपट्टूच्या कुष्ठरोग आश्रमात त्यांनी कित्येक वर्षे आकडलेले, निकामी समजले गेलेले हात पाहिले. नीट तपासताना त्यांच्या लक्षात आले, की तळहातातील लहान स्नायू गेले असले तरी पुढच्या हातातील काही स्नायू पूर्ण बळकट आहेत. अशा बळकट स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारी पांढरी दोरी, मूळ जागेवरून सोडवून नव्या जागी जोडली, तर तोच स्नायू दुसरे काम करू लागतो. कंडरा स्थलांतराचे हे तंत्र आधीपासून ठाऊक होते. ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कुष्ठरोगातील हातापायांसाठी विकसित केले आणि असंख्य माणसांना पुन्हा घास उचलता येऊ लागला. महाराष्ट्रात, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील ख्यातनाम प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या विकृतींच्या पुनर्रचनेचे कार्य केले.

या शस्त्रक्रियेत मेलेल्या स्नायूला जिवंत करण्याचा प्रयत्नच नसतो. जो स्नायू जिवंत आहे, ज्याचा मज्जातंतू शाबूत आहे, त्यालाच नवे काम दिले जाते. म्हणून येथे दीड वर्षाची मर्यादा लागू होत नाही. पाऊल गळले असेल, तर पोटरीच्या खोल भागातील, पाऊल आत वळवणाऱ्या स्नायूची कंडरा मागून पुढे आणून पावलाच्या वरच्या बाजूस जोडतात. मग पाऊल वर उचलले जाते. मनगट गळले असेल, तर हात पालथा करणाऱ्या स्नायूकडे मनगट उचलण्याचे काम सोपवतात. मनगटातील दाबामुळे अंगठा दुबळा झाला असेल, तर दाब मोकळा करतानाच तळहाताकडील एक सुटी कंडरा अंगठ्याला जोडता येते. त्यामुळे झिजलेला उंचवटा भरून येईलच असे नाही. तथापि अंगठा बोटांसमोर येऊ लागतो.

वय हा या शस्त्रक्रियेतील मुख्य अडथळा नाही. मधुमेह आटोक्यात असणे, पायाचा रक्तपुरवठा चांगला असणे, कातडीवर जखम नसणे आणि भूल सोसण्याइतकी प्रकृती असणे, हे पाहिले जाते. उसना घ्यायचा स्नायू बळकट लागतो, कारण जागा बदलल्यावर त्याची थोडी शक्ती कमी होते. आणि सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे ज्या सांध्याला हलवायचे, तो मोकळा असला पाहिजे.

दार उघडे ठेवणारी दहा मिनिटे

वाचकहो, या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही. गेलेला मज्जातंतू आपल्या हाती नाही. पण सांधा आपल्या हाती आहे. पाऊल महिनोन्महिने खाली लोंबत राहिले की टाचेमागची जाड कंडरा आखडते. मग मज्जातंतू परतला तरी, किंवा निष्णात सर्जनने दुसरी कंडरा आणून जोडली तरी, घोटा हलत नाही. सांधा ताठरला, तर आधी टाचेची कंडरा लांब करावी लागते किंवा हाडे एकमेकांना जोडून सांधा कायमचा स्थिर करावा लागतो. हे टाळण्यासाठी रोज सकाळी व सायंकाळी दहा-दहा मिनिटे पुरेशी आहेत.

पावलासाठी असे करावे. रुग्णास उताणे झोपवून गुडघा सरळ ठेवावा. आपल्या तळहातात त्यांची टाच घ्यावी, पावलाचा तळवा आपल्या हाताच्या आतील बाजूस टेकवावा आणि पाऊल सावकाश नडगीच्या दिशेने ढकलावे. पोटरीला ताण जाणवला की वीस ते तीस आकडे मोजेपर्यंत थांबावे. असे दहा वेळा करावे. झटका देऊ नये. दुखेल इतका जोर लावू नये. रात्री पांघरुणाच्या वजनानेही पाऊल खाली जाते, म्हणून डॉक्टरांनी दिलेला पावलाचा स्प्लिंट रात्रीही घालायचा का, हे विचारून घ्यावे.

मनगट गळले असेल, तर ते वर उचलून धरून बोटे एकेक करून पूर्ण उघडावीत आणि मिटावीत. दिवसा मनगट वर धरणारा स्प्लिंट वापरावा. बोटे आकडली असतील, तर पेरांजवळचा सांधा किंचित वाकवून धरावा आणि मग बोटाचे पुढचे सांधे सरळ करावेत. शेजारच्या निरोगी सांध्यांनाही रोज हालचाल द्यावी. हात गळ्यात अडकवून ठेवल्याने खांदा ताठरल्याची उदाहरणे कमी नाहीत. नेमकी पद्धत एकदा फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

सूनबाई किंवा नातवंडे हे काम करीत असतील, तर त्यांना कित्येक महिने काहीच फरक दिसणार नाही. रोज करूनही पाऊल उचलत नाही, मग करायचे कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी लक्षात ठेवावे, की हा व्यायाम बळ आणण्यासाठी नाही. पुढे बळ आले तर त्याला वाट मिळावी, यासाठी आहे. घोटा महिन्यापूर्वी जितका वर जात होता, तितकाच आजही जातो, हेच या कामाचे यश.

बधिर कातडीची राखण

स्नायूबरोबर अनेकदा संवेदनाही गेलेली असते. कुष्ठरोगात बोटे 'झडतात' हा समज खोटा आहे, हे ब्रँड यांच्या निरीक्षणातून पुढे आले. वेदना न कळल्याने भाजणे, कापणे, घासणे या इजा दुर्लक्षित राहतात आणि त्यातून बोटे गमावली जातात. हा धडा प्रत्येक बधिर हातापायाला लागू आहे.

बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक किंवा विजेचा शेक कदापि देऊ नये. अंघोळीचे पाणी निरोगी हाताने तपासून घ्यावे. रोज रात्री तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. स्वतःस वाकता येत नसेल तर आरसा वापरावा किंवा घरच्यांनी पाहावे. स्प्लिंट काढल्यावर कातडी लाल दिसली आणि अर्ध्या तासात ती लाली गेली नाही, तर स्प्लिंट दुरुस्त करून घ्यावा. अंगठ्याच्या चपलेऐवजी मागे पट्टा असलेली, मऊ तळाची सँडल घालावी. गोधडीच्या कडा, सैल पायपुसणी आणि न्हाणीघरातील ओली फरशी ही पडण्याची नित्याची ठिकाणे. पायपुसणी काढून टाकावीत आणि न्हाणीघरात हाताशी कठडा बसवावा.

येथे एक दिलासाही आहे. संवेदना परतण्याला स्नायूइतकी कडक कालमर्यादा नसते. दाब मोकळा केल्यावर किंवा मज्जातंतू जोडल्यावर उशिरानेही काही संवेदना परत येऊ शकते, आणि भाजले-टोचलेले कळणे हीदेखील मोठी कमाई आहे.

मालिश, सुया आणि विजेचे यंत्र

हलक्या हाताने तेल लावणे कातडीस चांगले. पण 'नस मोकळी करण्यासाठी' जोराने रगडणे दुबळ्या स्नायूस व बधिर कातडीस अपायकारक ठरते. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी ज्येष्ठांत आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत आढळते. रक्त तपासून ती अवश्य भरून काढावी. तथापि कमतरता नसताना इंजेक्शनांची माळ लावून तुटलेला मज्जातंतू जुळत नाही. आहारात डाळी, दूध, ताक, पनीर, अंडी यांतून पुरेशी प्रथिने जावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

विजेच्या यंत्राविषयी नेहमी विचारणा होते. मज्जातंतू शाबूत असलेला स्नायू विजेच्या अतिशय अल्प स्पंदनाला प्रतिसाद देतो. मज्जातंतू गमावलेल्या स्नायूला मात्र बरीच लांब स्पंदने लागतात. त्यामुळे दुकानात मिळणाऱ्या साध्या यंत्राने त्यात हालचाल होत नाही. मग वीज वाढवली जाते आणि बधिर कातडी भाजते. व्हिएन्नातील हेल्मुट केर्न व सहकाऱ्यांनी पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकास इजा होऊन मांड्यांचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णांना खास यंत्र आणि मोठे इलेक्ट्रोड देऊन दोन वर्षे घरी उपचार करविले. झिजलेल्या मांड्या पुन्हा भरल्या आणि काहींना त्या विजेच्या साहाय्याने उभे राहता आले. यावरून जुना स्नायूही सर्वस्वी मृत नसतो, हे दिसले. मात्र या उपचाराने मज्जातंतू परत येत नाही, आणि तो तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करण्यासारखा आहे.

शस्त्रक्रियेनंतरचे शिक्षण

कंडरा स्थलांतरानंतर साधारण चार ते सहा आठवडे प्लास्टर असते. त्यानंतर खरी शिकवणी सुरू होते. पाऊल आत वळवणारा स्नायू आता ते वर उचलणार असतो, पण मेंदूला ही बदली ठाऊक नसते. म्हणून फिजिओथेरपिस्ट सांगतात, 'पाऊल आत वळवा,' आणि पाऊल वर येते. काही आठवड्यांच्या सरावाने ती हालचाल अंगवळणी पडते. सत्तरीतील मेंदूही हे शिकतो. घाई मात्र करू नये. पाऊल पूर्वीसारखे चपळ होईल ही अपेक्षा नसावी. ते अडखळू नये, स्प्लिंटवाचून घरात वावरता यावे, मंदिराच्या पायऱ्या चढता याव्यात, हे उद्दिष्ट वास्तवाला धरून आहे. ज्यांना शस्त्रक्रिया नको किंवा शक्य नाही, त्यांनी चांगला स्प्लिंट वापरून चालणे हाही सन्मान्य मार्ग आहे.

डॉक्टरांना हे विचारा

भेटीस जाताना इजेची तारीख, जुने ईएमजी अहवाल आणि चालू औषधे कागदावर लिहून न्यावीत. मग पुढील प्रश्न विचारावेत : मज्जातंतू कोणता, इजा कोणत्या ठिकाणी आणि स्नायूपर्यंतचे अंतर किती? तपासणीत स्नायू जिवंत असल्याची वा धागे परतत असल्याची खूण आहे का? सांधा पूर्ण हलतो का? नसेल तर आधी काय करावे? उसना घेण्याजोगा बळकट स्नायू आहे का? पुढची तपासणी केव्हा?

दोन प्रसंगी मात्र भेटीची वेळ घेत बसू नये. चेहरा एकाएकी वाकडा होऊन बोलणे अडखळले आणि हात-पाय गळाला, तर तो पक्षाघात असू शकतो. कंबरदुखीबरोबर दोन्ही पाय दुबळे होऊन लघवी अडली किंवा बसण्याच्या जागेची संवेदना गेली, तर कण्यातील मज्जातंतूंवर दाब आलेला असू शकतो. दोन्ही वेळा तत्काळ रुग्णालय गाठावे.

उरलेल्या साऱ्यांसाठी मार्ग संथ आहे, पण बंद नाही. मज्जातंतू दिवसाला एक मिलिमीटर चालतो. कधी तो वेळेवर पोहोचतो, कधी पोहोचत नाही, आणि मग दुसऱ्या स्नायूला त्याचे काम द्यावे लागते. दोहोंपैकी काहीही घडले तरी सांधा मोकळा असला पाहिजे. आज सायंकाळी दिवेलागणीनंतर आजोबांची टाच हातात घेऊन वीसपर्यंत आकडे मोजायला प्रारंभ करा.